जोडा जमला पाहिजे

"अगं ए, पायात काय घातलंस हे? घोडीवानी नाल ठोकून घेतलेस का काय?"

पहाटे साडेपाचला अंगणातल्या शहाबादी फरशीवर टक् टक् करीत मी सायकलकडे निघाले होते, तेव्हा सासूबाईंनी अंथरुणातूनच विचारलेला हा प्रश्न. त्यांचं काही चुकलं नव्हतं. सायकलचे म्हणून जे खास बूट मिळतात, त्यांच्या तळाला पुढच्या बाजूस एक टणक पट्टी स्क्रूंनी आवळलेली असते. तिला क्लीट म्हणतात. ती पेडलमध्ये अडकते, म्हणजे पाय पेडलवरून घसरत नाही. चालताना मात्र नाल ठोकल्यासारखाच आवाज येतो, आणि चालणारी दिसतेही घोडीसारखीच!

तुम्ही म्हणाल, धाराशिवसारख्या गावात, सत्तेचाळीस वर्षांच्या, घरात सून येण्याच्या वयाच्या बाईला हे कुठलं खूळ? सांगते. गोष्ट बुटांचीच आहे, पण तिचा एक पदर माझ्या आईच्या पायाशी जाऊन पोचतो. म्हणून पहिल्यापासून सांगायला हवी.

तीन वर्षांपूर्वी रक्ताच्या तपासणीत माझी साखर काठावर निघाली. डॉक्टर म्हणाले, "ताई, गोळी आज देत नाही. तीन महिने रोज व्यायाम करा, खाण्यावर ताबा ठेवा, मग पाहू." साखर हा शब्द ऐकला आणि माझ्या डोळ्यांपुढं आईचा डावा पाय आला. त्या पायाला तीनच बोटं आहेत. चपलेचा एक खिळा वर आला होता. तो दिवसभर टोचत राहिला, पण मधुमेहानं पाय बधिर झालेला, त्यामुळं तिला कळलंच नाही. संध्याकाळी चप्पल काढली तेव्हा आतून लाल झालेली दिसली. जखम चिघळली आणि दोन बोटं काढावी लागली. ती चप्पलही तिची स्वतःची नव्हती. वहिनीनं टाकून दिलेली, "अजून चांगली हाय की" म्हणून आईनं पायात सरकवलेली.

तर मी चालायला लागले. पंधरा दिवसांत गुडघे कुरकुरू लागले. मुलगा शिकायला पुण्याला गेला होता आणि त्याची सायकल जिन्याखाली धूळ खात पडली होती. आमचे हे म्हणाले, "अगं, शाळेत असताना चालवायचीस ना? घे की ती." हवा भरून घेतली, ओढणी घट्ट बांधली आणि निघाले. पहिल्या दिवशी हातलादेवीच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत गेले. महिनाभरात सकाळी फिरणाऱ्या पाच-सहा जणांची सोबत मिळाली. त्यात एक शिक्षिका, एक बँकेतले साहेब, दोन कॉलेजच्या मुली. रविवारी आम्ही कधी येडशीच्या रामलिंगाला जायचो, तर कधी गोरोबाकाकांच्या तेरला.

तीन महिन्यांनी साखर खाली आली. व्यायाम लागू पडला, आणि सायकलची गोडीही लागली. त्या गोडीबरोबरच बुटांचा प्रश्न आला.

सुरुवातीला मी चप्पल घालूनच जायची. एकदा येडशीच्या रस्त्यावर शेळ्यांचा कळप आडवा आला. मी ब्रेक लावला, तेवढ्यात चप्पल पेडलवरून सटकली आणि पेडलचा दात नडगीवर बसला. त्याची खूण अजून आहे. मग कॅनव्हासचे बूट घेतले. पायाला आच्छादन झालं, पण तासाभरानं तळव्याच्या मधोमध पेडल खड्यासारखं टोचायला लागायचं. मऊ सोल पेडलभोवती वाकतो आणि सगळा भार त्या तळहाताएवढ्या जागेवर येतो, हे मला पुढं कळलं.

अशात माझ्या पुण्याच्या पुतण्यानं फोन केला. तो सायकलच्या शर्यतीत उतरतो. "काकू, माझे जुने बूट पडून आहेत, कार्बन सोलचे. घेताना अठरा हजारांना घेतलेत. पायही तुझ्याएवढाच आहे माझा. पाठवू?"

अठरा हजारांचे बूट फुकट! नाही कोण म्हणेल? आपल्या घरात तसंही बायकांच्या वाट्याला असंच येतं. मुलाचा जुना मोबाईल, नवऱ्याचं जुनं घड्याळ, जावेची एकदाच नेसलेली साडी. मी म्हटलं, पाठव.

बूट आले. कागदासारखे हलके आणि तळ मात्र पाटीसारखा, दोन्ही हातांनी वाकवू म्हटलं तरी वाकेना. सोबत पेडलंही होती, ती कोपऱ्यावरच्या सायकलवाल्यानं बसवून दिली. पहिल्याच दिवशी चौकातल्या चहाच्या टपरीसमोर थांबले. पाय सोडवायला टाच बाहेरच्या बाजूला वळवायची असते, ते ऐन वेळी विसरले आणि उभ्या सायकलीसकट जागच्या जागी आडवी झाले! टपरीवरचे चार जण धावले. लागलं काही नाही, फक्त दोन दिवस त्या चौकातून जाताना मान वर केली नाही.

पेडलला पाय जोडण्याची ही युक्ती तशी फार जुनी नाही. पूर्वी शर्यतीतले लोक चामडी बूट घालून पाय पट्ट्यांनी पेडलला बांधत. १९८४ साली लूक या फ्रेंच कंपनीनं बर्फावर घसरण्याच्या खेळातल्या बुटांवरून खटक्याचं पेडल काढलं. १९८५ साली बर्नार्ड इनो यांनी तेच पेडल वापरून टूर द फ्रान्स जिंकली. १९९० साली जपानच्या शिमानोनं लहान क्लीटचा प्रकार आणला. त्यात क्लीट बुटाच्या खाचेत बसते, म्हणून माणसाला धडपणे चालता येतं. आज दुकानात दोन्ही मिळतात. मोठ्या क्लीटच्या बुटाला तळाशी तीन भोकं असतात आणि लहान क्लीटच्या बुटाला दोन. पुतण्याचे बूट तीन भोकांचे.

दोन-तीन आठवडे बरे गेले. वीस किलोमीटरच्या फेरीत काही वाटायचं नाही. उलट जोर लावला की सायकल लगेच पुढं पळाल्यासारखी वाटायची. मी मनात म्हटलं, अठरा हजार उगीच नाहीत.

मग एका रविवारी सगळ्यांनी लांबचा बेत केला. तुळजापूरला जायचं, घाट उतरून सोलापूरच्या रस्त्यानं तामलवाडीपर्यंत जायचं आणि तसंच परत यायचं. जाऊन-येऊन ऐंशी-नव्वद किलोमीटर. उतरताना मजा आली. चढताना ऊन तापलं होतं. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहे आणि तुळजापूर साडेसहाशेच्या आसपास. म्हणजे परतीचा सगळा रस्ता बालाघाटाच्या अंगावर चढतो. घाटाच्या पायथ्याशी आले आणि लक्षात आलं की माझी उजव्या पायाची बोटं मला जाणवत नाहीत.

आधी मुंग्या आल्या, मग जळजळ झाली, मग काहीच नाही. बोटं हलवून पाहिली तर हलली की नाही तेही कळेना. मी सायकल कडेला घेतली, दगडावर बसले आणि घाईघाईनं बूट काढला. मोजा काढून आधी काय पाहिलं असेल? रक्त आहे का ते पाहिलं. नव्हतं. पण बोटं पांढरट पडली होती. चिमटा काढला तर तो दुसऱ्याच कुणाच्या तरी पायाला काढल्यासारखा वाटला. मैत्रिणींनो, त्या दगडावर बसून मी लहान पोरीसारखी रडले. सोबतच्या मुलींना वाटलं, काकू दमल्या. मला मात्र आईची ती चप्पल दिसत होती.

दहा मिनिटांनी बोटांत परत मुंग्या आल्या आणि हळूहळू जाणीव आली. तिथून घरापर्यंत बूट सैल सोडून कशीबशी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी शिवणाचं मशीन झाकून ठेवलं आणि डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितले आणि एक बारीक नायलॉनचा धागा तळव्याला ठिकठिकाणी टेकवला. "कळलं की हो म्हणा." हा धागा वाकेपर्यंत दाबला की बरोबर दहा ग्रॅमचा दाब पडतो. तेवढाही ज्या पायाला कळत नाही, तो पाय जपावा लागतो. मी प्रत्येक वेळी हो म्हटलं. मग त्यांनी थरथरणारा चिमटा अंगठ्याच्या हाडाला लावून पाहिला. तोही कळला.

"ताई, तुमच्या नसा ठीक आहेत," ते म्हणाले. "बूट आणलाय का?" मी पिशवीतून काढून दिला. त्यांनी माझं पाऊल एका कागदावर ठेवून पेन्सिलीनं भोवती रेघ मारली आणि त्या कागदावर बूट ठेवला. माझं पाऊल पुढं दोन्ही बाजूंना बुटाच्या बाहेर! लांबी बरोबर, पण रुंदीला बोटभर कमी. "बोटांच्या मधून नसा जातात. दोन्ही बाजूंनी आवळलं आणि खालून पाटीसारखा कडक तळ असला, की त्या दबतात. हा मधुमेह नाही. दुसऱ्याच्या पायाचा बूट आहे हा."

मला हसू आलं आणि लाजही वाटली. मी वीस वर्षं ब्लाऊज शिवते. मापाशिवाय कापडाला कात्री लावत नाही. कुणी "मागच्यासारखंच शिवा" म्हटलं तरी मी टेप घेऊन नव्यानं माप घेते, कारण बाईचं अंग वर्षाला बदलतं. अशा मी स्वतःच्या पायाचं माप जन्मात कधी घेतलं नव्हतं. दुकानात "पाच नंबर द्या" म्हणायचं, येईल ते घालायचं आणि चावलं तर "हळूहळू सैल होईल" म्हणायचं!

आपल्या पायांचंही एक आहे. जन्मभर उघड्या चपलांत वावरलेले पाय पुढं पसरलेले असतात, टाच मात्र अरुंद. बहुतेक सायकलचे बूट पुढं निमुळते. लांबीवरून नंबर ठरवला तर रुंदीला आवळतात, आणि रुंदीसाठी मोठा नंबर घेतला तर टाच आत डुचमळते.

त्या रात्री मी ह्यांना म्हटलं, "अहो, मला बूट घ्यायचेत. माझ्या मापाचे." हे म्हणाले, "अगं, पण ते अठरा हजारांचे आहेत ना?" त्यांच्या म्हणण्यात वाईट काही नव्हतं. घरात एक वस्तू असताना दुसरी कशाला, हा आपल्या सगळ्यांचाच हिशेब. मी म्हटलं, "ते अठरा हजारांचे आहेत, पण माझे नाहीत." थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग तेच म्हणाले, "पुढच्या आठवड्यात पुण्याला जायचंच आहे, पाहून ये." पैसे माझ्या भिशीचे होते. तरी त्यांनी तसं म्हटलं, हे बरं वाटलं.

पुण्याला जाण्याआधी मुलाला फोन करून मी एकच विचारलं, "बाबा रे, कडक सोल घेऊ की मऊ? पुतण्या म्हणतो, कार्बनशिवाय काही खरं नाही." मुलानं इंग्रजीतलं बरंच काही शोधलं आणि मला समजावून सांगितलं. ते तुम्हालाही सांगते.

चालताना प्रत्येक पावलाला पाय चवड्यावर वाकतो, म्हणून चालायचा बूट वाकला पाहिजे. कोजागरीला सोलापूरकडून तुळजापूरपर्यंत हजारो माणसं रात्रभर पायी येतात, कित्येक जण अनवाणी. त्यांना कडक सोलची गरज नाही, कारण चालणारा पाय दर पावलाला वाकतो, उचलला जातो, भार टाचेपासून अंगठ्यापर्यंत फिरतो. सायकलवर तसं होत नाही. पाय चवड्याच्या एकाच जागी दाबत राहतो. मिनिटाला ऐंशी फेरे धरले तर तासाला ४,८०० वेळा! म्हणून सायकलचा सोल वाकता कामा नये. तो पोळपाटासारखा हवा. पोळपाट हलला, वाकला तर पोळी धड लाटली जात नाही. कॅनव्हासच्या बुटांत मला टोचायचं ते त्यामुळंच.

पण म्हणून जितका जास्त कडक तितका जास्त चांगला, असं नाही. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्लॅस्टिकच्या सोलचे आणि कार्बनच्या सोलचे सायकल-बूट घालून चवड्याखालचा दाब मोजला होता. कार्बनच्या बुटांत सर्वांत जास्त पडणारा दाब १८ टक्क्यांनी वाढलेला निघाला. पाठ दुखते म्हणून माणूस फार मऊ गादी सोडून देतो, पण त्यानं एकदम उघड्या फरशीवर झोपावं असा त्याचा अर्थ नाही. तसंच हे.

मग फायदा किती? २०१६ साली कोलोरॅडो विद्यापीठात केलेल्या अभ्यासात माणसांनी साध्या पळायच्या बुटांत आणि क्लीटच्या सायकल-बुटांत मध्यम वेगानं सायकल चालवली. शरीराला लागणाऱ्या ऊर्जेत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. त्याच विद्यापीठातून २०२० साली आलेल्या अभ्यासात मात्र, चढावर सगळी ताकद एकवटून जोरात पळवताना खास बूट आणि खटक्याचं पेडल यांनी जास्त जोर लागला. म्हणजे शर्यतीच्या शेवटच्या झपाट्याला बुटांचा उपयोग आहे. आमच्या तेरच्या फेरीला त्यानं दम कमी लागणार नाही. पाय न घसरणं आणि तळवा न टोचणं, एवढाच आपला लाभ. आणि तो काही लहान नाही.

पुतण्यासारख्या शर्यतीतल्या मुलाला कार्बन हवा, हे मी मान्य करते. नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ साली दोघांच्या संघात अमेरिका आडवी पार करणारी, सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत पुरी केली. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं २०१८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, सायकलवरून २९,००० किलोमीटर चालवून जगाची फेरी केली. अशांची वाट वेगळी आणि पायांची परीक्षाही वेगळी. आपण आपल्या रस्त्याचा विचार करावा.

पुण्याच्या दुकानात मी मुद्दाम संध्याकाळी गेले, कारण दिवसभरानं पाय थोडे सुजलेले असतात, आणि आमच्या मराठवाड्याच्या उन्हात सायकलवर ते आणखी फुगतात. सोबत पावलांचे दोन्ही कागद कापून नेले होते आणि सायकलवर घालते तेच मोजे. विकणारा मुलगा चटपटीत होता. "मॅडम, ह्याचा कडकपणा दहा आहे, ह्याचा सहा. दहाच घ्या, उद्या पुन्हा घ्यायला नको." मी विचारलं, "हे दहा कशापैकी?" तो घुटमळला. हे आकडे प्रत्येक कंपनी आपापल्या हिशेबानं देते. एकीचा सहा आणि दुसरीचा सहा सारखा असेलच असं नाही.

मग मी माझ्या धंद्यातली परीक्षा केली. कॉलरला आपण बक्रम लावतो. कमी लावलं तर कॉलर पडते, जास्त लावलं तर मान कापते. ते बोटांत धरून वाकवल्यावरच कळतं. तसा प्रत्येक बूट टाचेला आणि टोकाला धरून वाकवून पाहिला. एक अगदीच लिबलिबीत होता, तो बाजूला. एक पुतण्याच्या बुटासारखा, तोही बाजूला. मधला एक नायलॉनच्या सोलचा होता. जोर लावला तर किंचित लवायचा, पण क्लीट बसते त्या जागी अजिबात नाही. मला हवा होता तो हाच. किंमत पाच हजार दोनशे.

मी दोन भोकांचा प्रकार घेतला. एक तर चहाला थांबलं की चालता येतं. दुसरं म्हणजे सासूबाईंची झोप! मात्र लहान क्लीटमुळं भार थोड्या जागेवर येतो, म्हणून तिथं सोल अगदी मऊ असून चालत नाही, हेही लक्षात ठेवलं. दोन्ही बूट घालून दुकानात वीस मिनिटं उभी राहिले, जिना चढले-उतरले. तो मुलगा कंटाळला, पण मी नाही कंटाळले. ब्लाऊजच्या ट्रायलला येणाऱ्या बाया मला याहून जास्त कंटाळवतात!

घरी आल्यावर क्लीट थोडी मागं, टाचेच्या दिशेनं सरकवून घेतली. त्यानं बोटांवरचा भार कमी होतो. आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तोच बेत केला. तुळजापूर, घाट, तामलवाडी आणि परत. घाटाच्या पायथ्याशी, त्याच दगडापाशी मी बोटं हलवून पाहिली. दहाही जागेवर होती आणि दहाही माझी होती. चढ तेवढाच अवघड होता, घामही तेवढाच आला. बुटांनी मला वेगवान केलं नाही. फक्त पायांचा विचार करायची गरज ठेवली नाही. चांगल्या बुटांची खूण ती हीच असावी.

आता तुमच्यापैकी कुणी सायकल चालवत असेल, किंवा मुलांना बूट घेणार असेल, तर अनुभवाचे चार शब्द. पावलाचा कागद उभं राहून काढावा, बसून नाही. उभं राहिल्यावर पाय पसरतो. दोन्ही पायांचा काढावा आणि मोठ्या पायाच्या मापानं बूट घ्यावा. बोटं आत हलली पाहिजेत, टाच मात्र उचलली जाता कामा नये. आधी रुंदी पाहावी, मग सोल, आणि किंमत सर्वांत शेवटी. पट्टे वरच्या बाजूला घट्ट आणि बोटांकडे सैल ठेवावेत. तासाभरानं चवडा जळजळला तर आधी पट्टा सैल करा, मग क्लीट मागं घ्या, चढावर गिअर हलका करा. पावसात भिजले तर उन्हात किंवा चुलीपाशी वाळवू नका. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत ठेवा. आणि बूट काढल्यावरही बधिरपणा गेला नाही, तर बुटाला दोष देत न बसता डॉक्टरांना पाय दाखवा. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा तो धागा लावून घ्याच, आणि रोज रात्री तळवे पाहत जा. आपले दिसत नसतील तर दुसऱ्याला पाहायला सांगा.

मागच्या महिन्यात माहेरी कळंबला गेले होते. आईला नवे बूट दाखवले. तिनं ते हातात घेऊन उलटेपालटे केले, सोल दाबून पाहिला आणि म्हणाली, "खालून कडक हाय, आतून मऊ हाय. चांगला हाय गं. मला आसलं काही मिळंल का?"

मी डॉक्टरांना विचारलंच होतं. मधुमेहाच्या पायासाठी एमसीआर चप्पल मिळते. आत मऊ सूक्ष्मछिद्री रबर, खाली न वाकणारा टणक तळ, मागं पट्टा, आणि खिळा एकही नाही. बोटं गेलेल्या पायासाठी मापानं करून घ्यावी लागते. म्हणजे शेवटी आईच्या पायाला आणि माझ्या पायाला लागतं ते एकच. खाली टणक, आत मऊ, आणि माप स्वतःचं.

ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि आईला त्यावर उभं केलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून ती उभी राहिली. मी खाली बसून तिच्या डाव्या पावलाभोवती पेन्सिल फिरवली. अंगठा, त्याच्या शेजारची रिकामी जागा, मग उरलेली दोन बोटं. आई वरून पाहत होती. म्हणाली, "सत्तर वर्षांत पहिल्यांदाच कुणी माप घेतलं बघ माझ्या पायाचं."

मी कागदावर तिचं नाव घातलं, तारीख घातली, आणि ब्लाऊजच्या मापांच्या वहीत तो नीट घडी करून ठेवला. पुढच्या आठवड्यात तिची चप्पल मिळणार आहे.